पपांच्या पायाखालची वाट

पपा पाटात पडले तेव्हा मी मुंबईत एका टॉवरच्या बागेत उभी होते. ती बाग गाड्या ठेवायच्या मजल्यांच्या छतावर होती. खाली स्लॅब, त्यावर पाणी झिरपू नये म्हणून थर, त्यावर हातभर हलकी माती आणि मातीवर हिरवळ. माझा धंदाच हा. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. आमच्या गावात हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे झाडं लावतेस?" आणि मी "हो" म्हणते, कारण पुढचं सांगत बसायला कुणाला वेळ नसतो.

धाकट्या भावाचा फोन आला. "पपा पडले वाडीत. घाबरू नकोस, फारसं लागलेलं नाही. पण संध्याकाळी येऊन जा."

मी नवऱ्याबरोबर आणि मुलीबरोबर आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहते. स्कूटरवरून रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलं आणि अर्नाळ्याच्या रस्त्याला लागून मध्येच आत वळलं की माझं माहेर येतं. घर, घरामागे वाडी आणि वाडीच्या टोकाला बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं लहानसं तळं. जुन्या माणसांनी वाड्यांना पाणी मिळावं म्हणून खणलेलं. आमचं तीन घरांत मिळून एक आहे. पपा शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसतात. खिशात रोझरीची माळ असते. ती कधी हातात येते, कधी नुसते मासे बघणं होतं.

म्हणजे, बघणं होत असे. काचबिंदूने त्यांची नजर आक्रसत आणली होती. डॉक्टरांनी थेंब दिले, ऑपरेशन केलं, आहे ते टिकलं; गेलेलं परत आलं नाही. नळकांड्यातून पाहावं तसं त्यांना समोरचं एवढंसं दिसतं. बाजूचं दिसत नाही आणि पायाजवळचं तर अजिबातच नाही. केळींना पाणी नेणारा पाट त्यांनी स्वतः खणला होता. त्याच पाटात ते पडले.

मी पोचले तेव्हा ते ओट्यावर खुर्चीत बसले होते. कोपराला हळद लावलेली. आई शेजारी बसून लसूण सोलत होती.

"कसं वाटतंय, पपा?"

"मला काय होतंय? सुपारीचं रोप मोडलं माझ्या वजनाने. चांगलं गुडघ्याएवढं झालं होतं."

भाऊ बँकेत आहे आणि प्रश्न दिसला की त्याला तो त्याच दिवशी मिटवायचा असतो. त्याने बँकेतून येतायेताच कंत्राटदाराशी बोलून ठेवलं होतं. घरापासून बावखलापर्यंत सरळ काँक्रीटची वाट आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पाइपांचा कठडा. धरून जा, धरून या.

"छान," पपा म्हणाले. "बावखलाशी एक पलंग टाक, सलाइन लावायला खिळा ठोक. हॉस्पिटलात जायचा त्रास वाचेल."

"मग वाडीत जाऊच नका," भाऊ चिडून म्हणाला. तो चिडला, कारण सकाळी त्यानेच त्यांना चिखलातून उचललं होतं, असं आईने मला नंतर सांगितलं.

आईने लसणाची ताटली बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू एवढ्या लोकांच्या वाटा करतेस. आपल्या वाडीत एक कर की."

इतक्या वर्षांत हे कुणी मला म्हटलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. माहेरची वाडी म्हणजे केळी न्यायची जागा. तिथे काही आखायचं असतं, बांधायचं असतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी हो म्हटलं. भावाला म्हटलं, कठडा थांबव.

पुढचे काही रविवार मी फक्त पपांच्या मागून चालले. ते काठीने जमीन चाचपत जायचे, पण काठीपेक्षा त्यांचे पाय जास्त कामाचे होते. वाडीत ते कायम अनवाणी चालत आलेत. फणसाच्या जवळ आले की मुळाचा उंचवटा तळव्याला लागायचा आणि ते बरोबर डावीकडे वळायचे. केळींच्या सावलीत शिरलं की म्हणायचे, "इथून जमीन गार होते." घोटाळा व्हायचा तो मधल्या जागी, जिथे माती सगळीकडे सारखीच होती. तिथे ते वाट सोडून आळ्यात शिरायचे, आणि शिरले हे कळायचंही नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की डोळ्यांऐवजी पायांना वाचता येईल अशी वाट करायला हवी. प्रत्येक टप्प्याला वेगळं काहीतरी पायाखाली यावं, म्हणजे आपण कुठे आहोत ते न विचारता समजावं. मी टॉवरच्या बागांमध्ये दगड बदलते तो वरून फोटोत छान दिसावा म्हणून. इथे वरून कुणी बघणार नव्हतं.

नकाशा पपांना दिसणार नव्हता, म्हणून मी ऑफिसच्या गोदामातून नमुनेच उचलून आणले. जांभ्या दगडाची लादी, भाजलेली वीट, पॉलिश केलेला कडप्पा, खरबरीत काळा दगड, सिमेंटमध्ये बसवलेले नदीचे गोटे आणि दगडासारखा छाप मारलेला सिमेंटचा पेव्हर ब्लॉक. ओट्याखाली अंगणात एका ओळीत मांडले आणि पपांना हाताला धरून उभं केलं.

"डोळे मिटू?" त्यांनी विचारलं.

"मिटा."

"मिटले काय अन् उघडे काय." हे म्हणून ते स्वतःच हसले, आणि आईही हसली. आजार झाल्यापासून त्यावरचा विनोद मी घरात पहिल्यांदा ऐकला.

ते जांभ्यावर उभे राहिले. थोडं पुढेमागे डोलले. "हा पाय धरून ठेवतो. पास."

वीट. "पास. उबदार आहे."

कडप्प्यावर मी मुद्दाम तांब्याभर पाणी ओतलं. त्यांनी अंगठा सरकवून पाहिला आणि पाय मागे घेतला. "दिसायला हुशार असेल. नापास."

गोट्यांवर पाय ठेवला तसे ते कळवळले. गोटे माझे आवडते. माझ्या प्रत्येक कामात ते कुठेतरी असतातच. "हे औषध आहे, रस्ता नाही," पपा म्हणाले. "वैद्याकडे पाठव."

शेवटी पेव्हर ब्लॉक. त्यांनी तळव्याने त्यावरचा छाप चाचपला. मग वाकून बोटांनी पाहिला. "हा दगड नाही."

"नाही. सिमेंट आहे."

"म्हणजे हा कॉपी करून पास झालाय. त्याला काढून टाक."

भाऊ दारात उभा राहून हे बघत होता. आता तो पायऱ्या उतरून आला, चपला काढल्या आणि स्वतःच एकेका नमुन्यावर उभा राहू लागला.

मिस्त्री तुळिंजचा मिळाला. मूळचा मराठवाड्याचा, माझ्याच वयाचा, मान हलवून "होतंय की" म्हणायची सवय असलेला. पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. मला खाली फक्त मुरूम ठोकून, त्यावर रेती पसरून, सांध्यांत सिमेंट न घालता दगड बसवायचे होते. पाणी सांध्यांतून जमिनीत मुरावं आणि फणसाच्या मुळांना पोचावं म्हणून.

"ताई, सिमेंट नाही तर दगड हलणार. हललेल्या दगडावर सर पडणार. नाव माझं जाणार."

"बाजूंनी घट्ट आवळला तर कसा हलेल?"

"आणि पावसात रेती वाहून गेली तर?"

हा विचार मी केलाच नव्हता; वाडी बावखलाकडे उतरती आहे आणि मी काम करते त्या स्लॅबवर रेती वाहून जायला जागाच नसते. आम्ही दोघं वाटेच्या कडेला बसून बराच वेळ काडीने मातीत रेघा ओढत राहिलो. शेवटी त्याने सुचवलं की थोड्या थोड्या अंतरावर दगडाची आडवी पट्टी सिमेंटमध्ये खोल गाडायची, म्हणजे रेती जिथल्या तिथे अडेल. मी म्हटलं, मग त्या पट्टीशिवाय कुठेही सिमेंट नको. "होतंय की," तो म्हणाला.

काम सुरू झालं तसं वाडीला वेगळाच वास आला. वीतभर माती काढली, मुरूम टाकला, पाणी मारलं आणि जड लोखंडी धुमसाने ठोकला. धुमसाचा दणका घरात भांड्यांपर्यंत पोचायचा. पपा खुर्ची घेऊन फणसाखाली येऊन बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तिकडे पोकळ राहिलंय." कधी बरोबर असायचं, कधी नसायचं. मिस्त्री दर वेळी जाऊन पुन्हा ठोकायचा.

ओट्यापासून फणसापर्यंत जांभा. फणसापासून केळींच्या सावलीतून पाटापर्यंत उभी लावलेली वीट, अरुंद बाजू वर, म्हणजे तळव्याला रेघा लागतील. दोन्ही कडांना दोन बोटं उंच दगडाची किनार, काठी तिथे टेकली की वाट संपली हे समजावं म्हणून. किनारीला दगड विकत आणावा लागला नाही. घरामागे जुन्या गोठ्याचं जोतं नुसतंच पडून होतं, घडीव काळ्या दगडाचं. गुरं जाऊन कितीतरी वर्षं झाली. आई त्या जोत्यावर पापड वाळवायची. दगड काढताना तिने एवढंच विचारलं, "पापडांचं काय?" मग भावाने तिला गच्चीवर बाज टाकून दिली.

पाटावर मात्र काँक्रीट लागणारच होतं. सळ्या बांधून लहानशी स्लॅब टाकायची, खालून पाणी जाऊ द्यायचं. ते काम भावाने मागून घेतलं. रविवारी हाफपँट घालून तो मिस्त्रीबरोबर घमेली वाहत होता. काँक्रीट जरा आवळल्यावर मी त्याला म्हटलं, आता खराटा घे आणि आडव्या रेघा ओढ, म्हणजे पाय सरकणार नाही. अंगण झाडायचा तो साधा खराटा. त्याने इतक्या जपून रेघा ओढल्या की मिस्त्री म्हणाला, "साहेब, बँकेत जागा गेली तर माझ्याकडे या."

शेवटचा टप्पा बावखलाच्या अलीकडचा. तिथे चूक परवडणार नव्हती. मला पायाबरोबर कानालाही खूण द्यायची होती. आईने कालवणातल्या तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या साठवायला सुरुवात केली, शेजारणींनाही सांगून ठेवलं. शिमग्याएवढी हौस आली त्यांना. रविवारी कुणाकडे तिसऱ्यांचं कालवण झालं की सोमवारी पिशवी आमच्या फाटकाला लटकलेली असायची. तरी पुरेना, तेव्हा अर्नाळ्याच्या ओळखीच्या कोळणीने दोन गोणी पाठवल्या. सगळ्या धुतल्या, उन्हात टाकल्या, वास गेल्यावर धुमसाने भरडून पसरल्या. त्यावर पाय पडला की करकर वाजतं, अगदी ओट्यावर ऐकू येईल इतकं. अनवाणी टोचू नये म्हणून अगदी बारीक भरडल्या आणि तरी पपांनी तिथे चपला घालायचं कबूल केलं. पाटाच्या पलीकडे जुन्या चपलांचा एक जोड कायमचा ठेवलेला असतो.

आणि पाण्याच्या काठाला, कठड्याऐवजी, गुडघ्याएवढी उंच, रुंद दगडी भिंत. गोठ्याच्या उरलेल्या दगडांची. वाटेने येणारा माणूस तिला अडतो आणि थकलेला माणूस तिच्यावर बसतो. भावाला अडवणारं काहीतरी हवं होतं, पपांना कठडा नको होता. दोघांनाही ही भिंत आपलीच कल्पना वाटली. मी तसं वाटू दिलं. मिस्त्रीने तळाशी पाणी जायला भोकं ठेवली. त्या भोकांत हल्ली बेडूक राहतात.

ज्या संध्याकाळी काम संपलं, त्या संध्याकाळी पपा एकटे निघाले. आम्ही सगळे ओट्यावर. कुणी मागून जायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. फणसापर्यंत दिसले, मग केळींमध्ये गेले. भाऊ उठून उभा राहिला. आईने त्याचा शर्ट धरला. बराच वेळ काहीच नाही. मग पलीकडून शिंपल्यांची करकर आली, सावकाश, एकेक पाऊल, आणि थांबली. आईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच उठून चहा ठेवायला गेली.

गोष्ट इथे संपली असती तर मी फार हुशार ठरले असते. पण पावसाळा लागला आणि काही दिवसांनी पपांचा फोन आला. फोन सहसा आई लावून देते. हा त्यांनी स्वतः लावला होता.

"बाई, तुझी वीट शेवाळली."

"पडलात का?"

"काठी सरकली, मी नाही. मी तिथेच उभा राहून तुझ्या भावाला हाक मारली. पण तू ये."

केळींच्या गर्द सावलीत वीट पाणी पीत राहिली होती आणि तिच्यावर हिरवी साय धरली होती. तारेच्या ब्रशने घासली, चुन्याचं पाणी ओतलं, चार दिवसांत पुन्हा जैसे थे. उन्हात मांडलेल्या नमुन्याला पास केलं होतं आम्ही. सावलीत त्याची परीक्षा कुणीच घेतली नव्हती. मिस्त्रीला बोलावलं. त्याने वीट उकरून पाहिली, खालचा मुरूम जागचा हलला नव्हता. रेती पट्ट्यांनी धरून ठेवली होती. तो खूश, मी नाराज.

"तोंड कशाला पाडताय ताई? सिमेंट घातलं असतं तर आता फोडायला लागलं असतं. हे नुसतं उचलायचं."

आणि खरंच एका दिवसात विटा निघाल्या. त्यांच्या जागी काळा दगड आला, पण वाटणाच्या पाट्याला टाकी लावतात तशी छिन्नीने ठोकून खरबरीत केलेला. पपा छत्री धरून शेजारी उभे होते. प्रत्येक दगड बसल्यावर त्यावर पाऊल टाकून बघत होते. एक दगड त्यांनी परत पाठवला. निघालेल्या विटा फाटकाजवळच्या वाटेला लागल्या. तिथे दिवसभर ऊन असतं आणि त्या कोरड्या ठणठणीत राहतात.

ह्याला आता वर्ष उलटून गेलं. गेल्या महिन्यात पपांचे एक जुने सहकारी आले होते. शेजारच्या गावचे, गणित शिकवायचे, आता गुडघ्यांनी बेजार. मी आणि आई केळींपाशी मोगऱ्याच्या कळ्या काढत होतो. पपा त्यांना हाताला धरून घेऊन येत होते. ज्यांना दिसत नाही त्यांनी, ज्यांना दिसतं त्यांना.

"हा जांभा. पाय धरून ठेवतो बघ. आता इथे काळा दगड. आधी वीट होती, पण ती शेवाळते. सावलीत वीट कधी घालू नये."

"हे सगळं तुमच्या मुलीने केलं ना?"

"केलं तिनेच. पण लक्ष ठेवावं लागतं. आता ह्या सांध्यांत ती सिमेंट घालायला निघाली होती. मी म्हटलं, खबरदार."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी कळ्या काढत राहिले. पोट हसून दुखायला लागलं तरी आवाज केला नाही. ते दोघं पाटावरून पलीकडे गेले, चपला घालताना थोडी गडबड झाली, मग दोघांच्या पावलांची करकर आणि त्यानंतर भिंतीवर बसून शाळेच्या गप्पा. कोणता मुलगा कुठे परदेशात आहे, कोणाची वाडी बिल्डरकडे गेली, कोणाचं बावखल बुजलं.

मला टॉवरच्या बागा अजूनही करायच्या असतात, त्यांत गोटेही असतात. पण आता नमुने आले की ऑफिसात मी चपला काढून त्यांवर उभी राहते, ओले करून, आणि एक तुकडा खिडकीबाहेर सावलीत ठेवून देते. सहकारी आधी बघायचे, आता तेही उभे राहतात.

सध्या मिस्त्री पुन्हा आलाय. ह्या वेळी आईने बोलावलंय, मला न विचारता. ओट्याजवळच्या विहिरीशी भांडी घासायला आणि कपडे धुवायला दगडी चौथरा हवाय तिला, सांडपाणी अळवाच्या वाफ्यात जाईल असा. उतार किती ठेवायचा यावर सकाळपासून दोघांचं चाललंय. तो नळीत पाणी भरून पातळी दाखवतोय आणि ती म्हणतेय, नळीने भांडी घासायची आहेत का, बादली ओत आणि पाणी कुठे जातंय ते बघ. त्याने बादली ओतली. पाणी अळवाकडे गेलं, पण थोडं तिच्या पायांवर आलं. "बघितलंस?" ती म्हणाली. मिस्त्री मान हलवून थापी घेऊन पुन्हा बसला. मी ओट्यावर चहा घेऊन बसलेय, आणि मला कुणी काहीच विचारत नाहीये.